आयताना नसेल त्या दिवशी

२ डिसेंबर २०२५. मॅड्रिदचं मेट्रोपोलितानो स्टेडियम. युरोपातल्या महिला फुटबॉल संघांच्या नेशन्स लीगच्या अंतिम लढतीचा दुसरा सामना, समोर जर्मनी. कायझर्सलाउटर्नचा पहिला सामना गोलशून्य सुटलेला. स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर माणसं. स्पेनच्या महिला संघाच्या घरच्या सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी जिच्यासाठी तिकिटं काढली असतील, ती आयताना बोनमाती मैदानावर नव्हतीच. दोनच दिवसांपूर्वी सरावात तिच्या डाव्या पोटरीतलं बारकं हाड मोडलं होतं.

तासभर खेळ झाला तरी फलक कोराच. मग क्लाउदिया पिनाने कोंडी फोडली. थोड्याच वेळात एका एकोणीस वर्षांच्या मुलीने दुसरा गोल केला, पिनाने तिसरा, आणि चषक स्पेनकडेच राहिला. ती एकोणीस वर्षांची मुलगी म्हणजे व्हिकी लोपेझ. आमच्या घरात तिला ‘आपली व्हिकी’ म्हणतात. ती मॅड्रिदची, खेळते बार्सिलोनाकडून, आई नायजेरियाची, वडील स्पॅनिश. यात ‘आपलं’ म्हणण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. पण नेरूळला राहणाऱ्या माणसाला असा हक्क सांगायची थोडी मुभा असावी. जगात सर्वोत्तम म्हणून तिच्या हातात पहिल्यांदा जे सोन्याचं काही पडलं, ते आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये.

तारीख ३० ऑक्टोबर २०२२, रविवार. मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन विरुद्ध कोलंबिया. दिवाळी नुकतीच सरली होती, घराघरात डब्याच्या तळाशी चिवडा आणि मोडक्या चकल्या उरल्या होत्या, सोसायटीच्या गेटवरचे कंदील अजून उतरवले नव्हते. त्याच संध्याकाळी पर्थला भारत-दक्षिण आफ्रिका टी-ट्वेंटी सामना होता. त्यामुळे सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर एक विश्वचषक संपतोय, याचा आमच्या इमारतीत कुणालाही पत्ता नव्हता. मी गेले ती भाचीमुळे. तिला तेव्हा नुकतं फुटबॉलचं वेड लागलं होतं आणि तिच्या आईला त्या दिवशी वेळ नव्हता.

सामना म्हणाल तर रटाळ होता. एकमेव गोल ८२व्या मिनिटाला, तोही कोलंबियाच्या बचावपटूच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात. व्हिकीने गोल वगैरे काही केला नाही. पण त्या दिवशी भाचीने मला एक गोष्ट दाखवली. मी आपली चेंडू जाईल तिकडे मान फिरवत होते, टीव्हीवर क्रिकेट बघायची सवय. ती मात्र एकाच मुलीकडे बघत होती.

“मावशी, ती बॉलकडे बघतच नाहीये.”

“मग कुठे बघते?”

“मागे. सारखी मागे बघते.”

आणि खरंच. चेंडू अजून दुसरीच्या पायात, तिच्यापर्यंत यायला तीन-चार सेकंद बाकी, आणि ही डाव्या खांद्यावरून एकदा, उजव्या खांद्यावरून एकदा मान वळवून घेते. पाठीमागे कोण आहे, किती अंतरावर आहे, मोकळी जागा कुठे आहे, सगळं डोक्यात नोंदवून ठेवते. त्यामुळे चेंडू येतो तेव्हा तिला विचार करावा लागत नाही. शरीर आधीच अर्धवट वळलेलं असतं, डाव्या पायाच्या पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढे आणि मागून आलेली मुलगी तिथेच उभी. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. मिडफिल्डरचा अर्धा खेळ कॅमेऱ्याबाहेर होतो. गोल करणारीचं नाव फलकावर येतं, गोल वाचवणारीचे फोटो छापून येतात. मधल्या फळीत खेळणारीचं श्रेय समजायला मैदानात जाऊन बसावं लागतं, किंवा शेजारी एखादी चौकस भाची असावी लागते.

त्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ व्हिकीला मिळाला. वय सोळा वर्षं आणि तीन महिने. समोरच्या संघात लिंडा कायसेदो होती, तिच्याहून वर्षाने मोठी, तेव्हाच कोलंबियाच्या मुख्य संघातून खेळणारी आणि जास्त गाजलेली. तरी परीक्षकांनी व्हिकीला निवडलं. त्यात गोव्याचा मोठा वाटा असावा. उपांत्यपूर्व सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर जपानशी झाला होता, ऐन दिवाळीच्या तोंडावर. जपान एका गोलने पुढे, सामना संपायला मोजकी मिनिटं, स्पेनचं सामान बांधायची वेळ. आणि या मुलीने एकामागोमाग दोन गोल करून सामना फिरवला. दुसऱ्या दिवशी मेलबर्नला कोहलीने पाकिस्तानविरुद्ध जे केलं ते देशातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. फातोर्ड्यात आदल्या दिवशी जवळपास तसंच काहीतरी घडलं होतं, ते त्या गॅलरीत बसलेल्या गोंयकारांना तरी आठवत असेल. गोव्यात फुटबॉल बघायची नजर आहे, त्यामुळे असेलही.

तर सोळाव्या वर्षी जगातली सर्वोत्तम. मग पुढे काय? पुढे ती परत गेली आणि बाकावर बसली.

व्हिकीची कारकीर्द मला धरून ठेवते ती इथून पुढे. तिच्या सुरुवातीत अडथळे असे फार नाहीत. मॅड्रिद सीएफएफ या क्लबकडून पंधराव्या वर्षी स्पेनच्या पहिल्या श्रेणीत पदार्पण, २०२२च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाने उचललं. बार्सिलोनाची ‘ला मासिया’ नावाची अकादमी जगप्रसिद्ध. तिथल्या वसतिगृहात मुलींना जागा मिळायला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. मेस्सी तिथे घडला त्याला वीस वर्षं होऊन गेल्यावर पहिल्या मुलीची बॅग त्या दारातून आत गेली. असो. अडचण वेगळीच होती. बार्सिलोनाच्या मधल्या फळीत तेव्हा जागा नव्हती. जागा नव्हती म्हणजे किती नव्हती, तर आलेक्सिया पुतेयास, २०२१ आणि २०२२ची बॅलन डी’ऑर विजेती. आयताना बोनमाती, २०२३, २०२४ आणि २०२५ची. या दोघींच्या मागे पात्री गिहारो, जिच्यावाचून त्या दोघींचं पान हलत नाही असं जाणकार म्हणतात. म्हणजे पाच वर्षं जगातली सर्वोत्तम फुटबॉलपटू एकाच क्लबच्या एकाच फळीतून आली, आणि आमच्या व्हिकीला खेळायचं होतं त्याच फळीत. देशाकडून खेळायला जावं तर तिथेही याच तिघी.

लोकलच्या लेडीज डब्यात चढणाऱ्या बाईला हे समजेल. आत शिरल्या शिरल्या आपण बसलेल्या बायकांना विचारतो, “कुठे उतरणार?” कुणी वाशी म्हणते, कुणी मानखुर्द, कुणी कुर्ला, त्यातली जवळची हेरून तिच्यासमोर उभं राहायचं आणि जागा बुक करून टाकायची. व्हिकीच्या डब्यात तिघींनीही “सीएसएमटी” असं उत्तर दिलेलं होतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला असल्या गोष्टी क्रिकेटमधून आधीच ठाऊक असतात. पद्माकर शिवलकर २०२५च्या मार्चमध्ये गेले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, १९७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८, आणि कसोटी सामने शून्य. कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. आमच्या वडिलांच्या पिढीत शिवलकरांचा विषय निघाला की एक ठरलेला सुस्कारा असायचा. पुढच्या पिढीचा सुस्कारा अमोल मुझुमदार. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. पुढे रणजी पदार्पणातच २६०, सगळ्या मिळून अकरा हजारांवर धावा, आणि भारताची टोपी नाही. द्रविड, लक्ष्मण, गांगुली उतरायचं नावच घेत नव्हते.

आपल्याकडे या गोष्टी दुर्दैव म्हणून सांगितल्या जातात, आणि ते आहेच. पण मला हल्ली त्यातला दुसरा भाग जास्त टोचतो, जो कुणी मोठ्याने बोलत नाही. रांगेत उभ्या असलेल्याला पुढे सरकायचं असेल तर बहुतेक वेळा पुढच्याचं काहीतरी बिघडावं लागतं. फॉर्म जावा, गुडघा जावा, कर्णधाराशी वाजावं. वाट बघणारा कितीही सज्जन असो, त्याची संधी आणि दुसऱ्याचं संकट एकाच दिवशी येतात. आयतानाच्या बाबतीतही हेच झालं होतं, हे विसरून चालणार नाही. जुलै २०२२मध्ये, युरो सुरू व्हायच्या तोंडावर, आलेक्सियाच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ती परत मैदानात आली एप्रिल २०२३च्या अखेरीस. त्या नऊ-दहा महिन्यांत बार्सिलोनाची मधली फळी कुणाच्या तरी हातात द्यायची होती, ती आयतानाच्या हातात गेली. उन्हाळ्यात सिडनीला स्पेनने विश्वचषक जिंकला, आयताना स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि आलेक्सिया, दोन वेळची बॅलन डी’ऑर विजेती, अंतिम सामन्यात अगदी शेवटी बदली म्हणून आली. आयताना त्याआधी चांगली नव्हती असं कुणीच म्हणणार नाही. पण ‘सर्वांत मोठी’ व्हायला जी मोकळी जागा लागते ती त्या तुटलेल्या लिगामेंटने करून दिली.

व्हिकीची पाळी आली तीही अशीच.

त्याआधी ती राष्ट्रीय संघात पोचली होती. फेब्रुवारी २०२४मध्ये, सतराव्या वर्षी, नेशन्स लीगच्या पहिल्या अंतिम फेऱ्यांसाठी निवड झाली आणि स्पेनने तो चषक जिंकला. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या संघातही ती होती. स्पेन तिथे चौथा आला. हे सगळं ‘संघात होती’ या सदरातलं. सामन्याच्या सुरुवातीला बिब, म्हणजे राखीव खेळाडूंची जाळीदार बंडी, घालून कडेला पळणं, सत्तराव्या मिनिटानंतर प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघणं. बार्सिलोनानेही तिला थोडं थोडं खेळवलं, कधी मध्ये, कधी कडेला. मोठ्या क्लबांत पोरांना असंच मुरवतात, हे कळतं. पण वयाच्या सोळाव्या वर्षी जगाने सर्वोत्तम ठरवलेल्या मुलीला ते कसं वाटत असेल, याचा विचार माझ्या मनात येतोच.

२७ जून २०२५ला बातमी आली की आयतानाला विषाणूजन्य मेनिंजायटिस झालाय, ती इस्पितळात आहे. युरो चषक आठवड्यावर. सगळ्या स्पेनच्या तोंडचं पाणी पळालं. ३ जुलैला स्वित्झर्लंडमध्ये बर्नला पहिला सामना, पोर्तुगालशी. त्याच दिवशी सकाळी पोर्तुगालचा दियोगो जोता अपघातात गेल्याची बातमी आली होती, त्यामुळे मैदानावर एक मिनिट सगळे स्तब्ध उभे राहिले. पोर्तुगालच्या मुली त्या दिवशी कशा खेळल्या असतील देव जाणे. आयताना आजारातून उठून बाकावर येऊन बसली होती, पण सुरुवातीच्या अकरांत तिच्या जागी व्हिकी. सातव्याच मिनिटाला तिने गोल केला. अजून एकोणीसही पूर्ण नव्हती. युरोत स्पेनकडून गोल करणारी सर्वांत लहान खेळाडू ठरली. स्पेन ५-० जिंकलं. दुसऱ्या अर्धात आयताना मैदानात उतरली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग स्पर्धा पुढे सरकली तसा आयतानाच्या अंगात जोर आला आणि जागा जिची होती तिला मिळाली. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध जादा वेळेच्या ११३व्या मिनिटाला तिनेच गोल मारला, कुणालाही वाटलं नव्हतं अशा कोनातून. अंतिम सामन्यात इंग्लंडने पेनल्टींवर हरवलं, आयतानाचीही पेनल्टी अडवली गेली. तरी स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू तीच. यात अन्याय शोधायला गेलं तर सापडत नाही. जगातली सर्वोत्तम खेळाडू बरी झाली तर तिला खेळवायचं नाही तर कुणाला? आणि तरी, सातव्या मिनिटाला गोल करून पुन्हा बिब चढवणारी ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ला पॅरिसच्या थिएत्र द्यू शातलेमध्ये बॅलन डी’ऑरचा सोहळा झाला. एकवीस वर्षांखालच्या सर्वोत्तम खेळाडूला ‘कोपा’ पुरस्कार देतात, रेमों कोपा या जुन्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने. मुलांना २०१८पासून मिळायचा, मुलींसाठी त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवला. पाच नामांकनांत लिंडा कायसेदोही होती. पुरस्कार व्हिकीला. म्हणजे नेरूळच्या त्या अंतिम सामन्यातल्या दोघी तीन वर्षांनी पुन्हा एकाच यादीत समोरासमोर, आणि निकालही तोच. मुलांमधला लामिन यमाल, तोही ला मासियाचाच. आणि मुख्य पुरस्कार, लागोपाठ तिसऱ्यांदा, आयतानाला. एकाच रात्री, एकाच मंचावर, एकाच क्लबची जागा अडवणारी आणि जागेसाठी थांबलेली. भाचीला फोन केला तर ती म्हणाली, “मावशी, हा पुरस्कार म्हणजे बेस्ट सब्स्टिट्यूट का?” दहावीच्या वर्षाला असलेली पोरं फार तिखट बोलतात.

आता जरा विषयांतर. फार नाही, कारण मैदान तेच आहे. २ नोव्हेंबर २०२५ची रात्र महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. डी. वाय. पाटीलवर भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. आमच्या गल्लीत पहाटेपर्यंत फटाके. त्या सामन्याची मानकरी शफाली वर्मा, ८७ धावा आणि दोन बळी. ती मूळ संघात नव्हतीच. सलामीची प्रतिका रावल स्पर्धेत तीनशेवर धावा करून बसली होती. २६ ऑक्टोबरला याच मैदानावर, ओल्या गवतात, बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय मुरगळला आणि दुसऱ्या दिवशी शफालीला बोलावणं गेलं. विजयानंतर प्रतिका व्हीलचेअरमध्ये बसून मैदानात आली. आणि संघाचा प्रशिक्षक कोण, तर अमोल मुझुमदार, ज्याने आयुष्यभर पॅड बांधून वाट बघितली. शफालीला बोलावलं तेव्हा तो तिला काय म्हणाला असेल, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल. ज्याची पाळी कधीच आली नाही तो, जिची अचानक आली तिला काय सांगत असेल?

त्यानंतर महिनाभराने मॅड्रिदमध्ये आयतानाचं हाड मोडलं आणि व्हिकीने गोल केला. एका महिन्यात दोन खंडांत तेच नाटक बघितल्यावर मी या विषयाच्या मागे का लागले हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल.

पण इथे मला स्वतःलाच जरा आवरावं लागतं. व्हिकीची वाट बघणं आणि आपल्याकडच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची वाट बघणं यांना एकाच मापात घालायचा मोह होतो, तो खरा नाही. व्हिकी ज्या बाकावर बसते त्या बाकालाही बाजारात किंमत आहे. स्पेनच्या लीगमध्ये सोळा संघ, प्रत्येकीला हंगामात तीस सामने, वर चॅम्पियन्स लीग, वर चषक. चौथ्या पर्यायाच्या मुलीलाही वर्षभरात मिनिटं मिळत राहतात. आपली इंडियन विमेन्स लीग सुरू झाली २०१६-१७च्या हंगामात. २०२४-२५ला आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला चौदा सामने, की हंगाम संपला. ईस्ट बंगाल जिंकलं. त्या चौदांत बाकावर बसलेल्या मुलीच्या वाट्याला काय येणार? आणि त्या आठांच्या बाहेरच्या मुलीला तर बसायला बाकच नाही.

२०२२च्या त्याच विश्वचषकात यजमान म्हणून भारतही खेळला. सामने भुवनेश्वरला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. लोक हसले. पण त्या मुलींची गोष्ट नीट सांगायची तर दोन वर्षं मागे जावं लागतं. तो विश्वचषक मुळात २०२०मध्ये भारतात व्हायचा होता. कोविडमुळे आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि २०२२चं यजमानपद भारताला दिलं. दोन वर्षांनी मिळाला म्हणजे मिळालाच की, असं फाइलींना वाटतं. सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत दोन वर्षं म्हणजे अख्खी एक तुकडी. २०२०साठी शिबिरांत घाम गाळलेल्या मुली २०२२ला वयातून बाद होत्या. त्यांच्यापुढे आयताना नव्हती, आलेक्सिया नव्हती, कुणीही नव्हतं. जागा रिकामी होती आणि गाडीच आली नाही. नंतरच्या तुकडीलाही ऑगस्टमध्ये, स्पर्धा दोन महिन्यांवर असताना, फिफाने आपल्या महासंघावर बंदी घातल्यावर बॅगा भरायच्या की नाहीत ते कळत नव्हतं. २६ ऑगस्टला बंदी उठली, तेव्हा कुठे स्पर्धा वाचली. अशा तयारीवर अमेरिकेशी किती गोलांनी हरायला हवं होतं, हे हसणाऱ्यांनी सांगावं.

त्या वर्षाची सुरुवातही अशीच झाली होती, आणि तीही याच डी. वाय. पाटीलवर. जानेवारी २०२२, महिलांचा आशियाई चषक, भारत यजमान. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी डझनभर मुली कोविड पॉझिटिव्ह निघाल्या, संघ उभा करता येईना, आणि भारत स्पर्धेतून बाहेर. न हरता. नंतर चार वर्षांनीच पुन्हा संधी, तीही पात्र ठरलो तर. ५ जुलै २०२५ला थायलंडमध्ये चियांग माईला यजमानांना २-१ हरवून आपण पात्र ठरलो. व्हिकीने बर्नला गोल केल्याला तेव्हा दोन दिवस झाले होते. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, पश्चिम बंगालच्या कल्याणीची, सशस्त्र सीमा बलात नोकरी करणारी मिडफिल्डर. गुडघ्याच्या दुखापतीतून उठून आलेली. या संगीताचं नाव आमच्या इमारतीत विचारलं तर गायिका वाटेल. आता मला सांगा, व्हिकीची चिंता करायची की हिची?

दोघींची करायला काय हरकत आहे, असं माझं म्हणणं. चिंतेला रेशन नसतं.

भाची आता मुलींच्या संघात खेळते. सुरुवातीला मुलांत खेळायची, कारण तिच्या वयाच्या मुलींचा संघच आसपास नव्हता; एका स्पर्धेत संयोजकांनी ऐनवेळी “मुली चालणार नाहीत” म्हणून तिला कडेला बसवलं, तेव्हा दोन तास पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली होती आणि घरी आल्यावर एक शब्द बोलली नाही. आता अकरा मुली जमतात, कधी तेराही. बाकावर बसायला दोघी आहेत याचा तिच्या कोचना केवढा अभिमान! कोल्हापूर-गडहिंग्लजकडे फुटबॉल पेठापेठांत मुरलेला आहे, तिकडून अंजू तुरंबेकरांसारखी प्रशिक्षक देशपातळीवर गेली. पण मुंबईच्या उपनगरात मुलींसाठी अजून टर्फचे तास मोजून घ्यावे लागतात, आणि तेही रात्री नऊच्या आधीचे मिळाले तर नशीब.

मागच्या महिन्यात तिचा सराव बघायला गेले होते. ती मिडफिल्डलाच खेळते. चेंडू लांब होता, तिने आधी एक खांदा बघितला, मग दुसरा, आणि चेंडू आला तेव्हा पाय अडखळून सरळ आपटली. उठून पुन्हा तेच. पुन्हा आपटली. कोच ओरडले, “अगं, बॉलकडे बघ ना!” तिने तिथूनच माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

परत येताना रिक्षात विषय अर्थातच व्हिकीचा. २०२७चा विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे, जून-जुलैत. तेव्हा व्हिकी वीस संपवत आली असेल, आलेक्सिया तेहतिशीची, आयताना एकोणतीस. आयतानाचं हाड जुळेल, जुळायलाच हवं. ती खेळत नसेल तर फुटबॉलचंच नुकसान. मग पुन्हा तोच प्रश्न. भाचीचं मत असं की व्हिकीने दुसरीकडे जावं, इंग्लंडला वगैरे, जिथे ती पहिल्या मिनिटापासून खेळेल. कायसेदो रेआल मॅड्रिदला गेली आणि तिथे रोज खेळतेय की! मी म्हटलं, घाई कशाला, जिथे शिकायला मिळतंय तिथे राहावं. ती म्हणाली, मावशी, तू फार शिवलकर-शिवलकर करतेस.

वाद मिटला नाही. माझी स्वतःची मधली फळी मात्र ठरलेली आहे: मागे पात्री, पुढे आयताना आणि व्हिकी दोघी एकत्र, आणि आलेक्सियाला साठाव्या मिनिटाला आणायचं, समोरच्या दमल्यावर. स्पेनच्या प्रशिक्षक सोनिया बेर्मुदेझ यांना मराठी येत नाही, नाहीतर हा लेख पाठवला असता.